एक गोळी वरून, एक खालून

१

रामलाल फिटर भर दुपारी कापसाच्या गंजीवर मेला, आणि ज्यानं त्याला मारलं त्यानंच जिनच्या ऑफिसातून फोन करून आम्हाला बोलावलं. अशी केस आली की पोलीस ठाण्यात सगळ्यांच्या जिवाला बरं वाटतं. आरोपी हजर, हत्यार हजर, कबुली हजर. आपण फक्त कागद रंगवायचे. मी भगवानराव, हवालदार. नोकरीत केस पांढरे झाले, पण इतकी आयती केस माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

जिन, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना, दारव्हा रोडवर, इंद्रजितच्या मालकीची. त्या साली कापसाचे भाव असे पडले होते की शेतकरी रस्त्यावर आणि व्यापारी डोक्याला हात लावून. जिनच्या अंगणात दोन पुरुष उंचीची कापसाची गंजी नुसती पडून होती. एका अंगाला वर चढायला फळी लावलेली, दुसऱ्या अंगाला सरळ जमिनीपर्यंत उतार. धूळ उडू नये म्हणून अंगणात सकाळीच पाणी मारलेलं, त्यामुळे काळी माती पायाला चिकटत होती.

उताराच्या पायथ्याशी फुलसिंग चौकीदार बसला होता. दिग्रसकडच्या तांड्यातला, फौजेतून रिटायर झालेला माणूस. पिस्तूल त्याचं स्वतःचं, लायसनचं. ते रुमालावर काढून ठेवलेलं. पाय उघडे. उठवला तेव्हा पाहिलं, तर पँटीची मागची बाजू कमरेपासून खाली कापसानं पांढरीफटक आणि पुढून स्वच्छ. "काय फुलसिंग, गादी भरायला बसला होता का?" मी म्हटलं. तो हसला नाही. हसण्यासारखी वेळ नव्हती हे खरं, पण माझ्या जिभेला ते उशिरा कळतं.

"साहेब," तो म्हणाला, "त्याच्या हातात हुक होता. गाठी ओढाचा. सापडला का?"

वर रामलालजवळ हुक नव्हता. काहीच नव्हतं. त्याची बायको कौसल्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुशीत बरगडीखाली एकच जखम.

फुलसिंगचे बूट मला फळीच्या पायथ्याशी मिळाले, रामलालच्या चपलांच्या शेजारी. मी ते उचलून गाडीत टाकले.

ठाण्यात मोठ्या साहेबांनी जबाब घेतला. "जेवणाच्या सुट्टीत हा गंजीवर काय करून राह्यला म्हणून पाहाले वर गेलतो," फुलसिंग म्हणाला. "तो हुक घेऊन अंगावर आला. एक गोळी वरून मारली, एक खालून मारली."

"दोन गोळ्यांच्या मधी किती टाइम गेला?"

"काहीच नाही. लागोपाठ."

आवाज ऐकणाऱ्या सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. टाळी वाजवावी, लगेच दुसरी वाजवावी, तेवढंच अंतर.

"मंग वरून खाली आला कसा? पंख फुटले का तुले?"

फुलसिंगनं बराच वेळ आठवून पाहिलं. "ते मले नाही माहीत साहेब. वर होतो. मंग खाली होतो."

साहेब माझ्याकडे बघून हसले आणि कागदावर तीनशे दोन लिहिलं.

२

दुसऱ्या दिवशी कापसाच्या भावासाठी रास्तारोको होता. साहेब बंदोबस्ताला गेले आणि जाताना ही केस पीएसआय ममता वानखडे मॅडमच्या टेबलावर टाकून गेले. "आरोपपत्राची तयारी करा. खोदत बसू नका," एवढंच म्हणाले. मॅडम बाभुळगावच्या. आमच्याकडे यायच्या आधी त्या पोलीस ट्रेनिंगला हत्यार शिकवायच्या, म्हणून ठाण्यातली पोरं त्यांच्यासमोर जरा ताठच उभी राहायची.

बाहेर बाकावर फुलसिंगची बायको सुखीबाई बसली होती. ती त्याच जिनमध्ये रेच्यावर काम करते. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र. तिनं ना रडारड केली, ना कुणाचे पाय धरले.

"बाई," ती मॅडमला म्हणाली, "तो जन्मभर खोटं बोलला नाही. पण रात्रभर गजाआडून मलेच विचारून राह्यला, सुखी, हुक खरंच होता का? मले भास झाला का? जर हुक नसन, तर हा माणूस फासावर नाही गेला तरी जगत नाही. तुम्ही पाहा. मी बसतो इथंच."

मॅडमनी फाइल उघडली, थोडा वेळ वाचली आणि माझ्यापुढे शवविच्छेदनाचा कागद सरकवला. "भगवानराव, हे वाचलं का?"

गोळी बरगडीखालून शिरून वर खांद्याकडे गेली होती. म्हणजे खालून मारलेली. अंगावर आलेल्या माणसाला कुणी जमिनीवरून मारत नाही, म्हणजे हे फुलसिंगच्या विरोधातच. "वाचलं की," मी म्हटलं.

"त्याच्या खालची ओळ."

खालच्या ओळीत होतं की शर्टावर जखमेभोवती बारुदीचे काळे ठिपके आहेत. गोळी अगदी जवळून मारली तरच असे ठिपके पडतात. गंजी दोन पुरुष उंच. जमिनीवर उभं राहून वरच्या माणसाच्या शर्टावर ठिपके पाडायचे, तर हात ताडाएवढा हवा.

"चला जिनवर," मॅडम म्हणाल्या.

३

जिन बंद होती, पण साक्षीदार सगळे तिथंच होते. मालक, प्रत ठरवणारा पोरगा आणि रामलालची बायको, हे तिघं सगळ्यात आधी गंजीपाशी पोचलेले. हुक असलाच तर त्यांच्यापैकी कुणीतरी तो गायब केला असणार, हे मलाही दिसत होतं.

मालक इंद्रजित ऑफिसात चहा मागवून बसला होता. धुतलेला शर्ट, चकचकीत बूट. "मी खिडकीतून पाह्यलं मॅडम. रामलाल बिचारा वर ताडपत्री सारखी करत होता. फुलसिंग खाली उभा. बुटाचे पाय असे रोवले, दोन्ही हातांनी नेम धरला आणि दोन गोळ्या घातल्या. फौजेत शिकवतात तसं. दोघांचं आधी वाजलं होतं. रामलालनं त्याले चोर म्हटलं होतं म्हणे."

"तुम्ही वर गेला होता?"

"गेलो ना. जीव आहे का पाहाले."

"हात लावून पाहिला?"

"हो, मंग."

मॅडम त्याच्या हातांकडे बघत होत्या. काल आम्ही आलो तेव्हा त्याच्या कपड्यावर रक्ताचा ठिपका नव्हता, हे माझ्याच पंचनाम्यात होतं.

दुसरा साक्षीदार प्रफुल्ल. जिनमध्ये कापसाची प्रत ठरवणारा पोरगा. भित्रा, पण सरळ. "मी डबा खाऊन राह्यलो होतो. आवाज आला तसा पळालो. फुलसिंगभाऊ उताराखाली बसले होते. मालक ऑफिसातून फळीकडे पळून राह्यले होते. मी वर गेलोच नाही मॅडम, मले रक्त पाहून चक्कर येते."

"हुक हरवला तर तो कापसात शोधायचा का?"

प्रफुल्लनं डोळेच मोठे केले. "कापसात लोखंड? मॅडम, कापसातून एक बोल्ट जरी रेच्यात गेला तर ठिणगी उडते आणि सगळी जिन पेटते. जिनमधला माणूस चावी हरवली तरी गंजी उपसून काढते. इथं कोणी कापसात टाचणीसुद्धा टाकत नाही."

म्हणूनच आदल्या दिवशी आम्ही सगळं अंगण, गटार, संडास पालथं घातलं होतं आणि गंजीला हात लावला नव्हता. आम्हीही याच मुलखातले.

कौसल्या जिनला लागून असलेल्या तिच्या घरासमोरच्या ओट्यावर बसली होती. कालचंच लुगडं अंगावर, रक्त वाळलेलं. तीही रेच्यावरच कामाला. नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून बाई काय काय करते हे मी पाहिलं आहे, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावरच होता.

"हुक-बीक काही नव्हता," ती म्हणाली. "मी पोचली तवा तो बोलत नव्हता. मालक माह्या आधी वर होता. बूट घालून! कापसावर बूट घालून चढला तो माणूस. लक्ष्मीवर. उभ्या जिंदगीत मी त्याले असं करताना पाह्यलं नाही."

नवरा मेलेल्या बाईला बुटांचा राग आला होता. मला ते विचित्र वाटलं. मॅडमना वाटलं नाही. त्या उठल्या आणि परत जिनकडे चालू लागल्या, इतक्या भरभर की मला धावावं लागलं.

४

गंजीच्या फळीच्या बाजूला टिनाची शेड आहे. मॅडम शेडच्या पत्र्याकडे मान वर करून उभ्या राहिल्या. पत्र्याला वर, गंजीच्या माथ्याइतक्या उंचीवर, एक बारीक ताजं भोक होतं.

"दुसरी गोळी कुणी शोधली का?"

कुणी कशाला शोधेल? आरोपी कबूल, एक गोळी अंगात सापडलेली. आम्ही शिडी लावली. शेडच्या पलीकडे गाठी दाबायच्या प्रेस हाउसची भिंत, तिच्या गिलाव्यात गोळी रुतलेली. मॅडमनी पत्र्याच्या भोकापासून भिंतीतल्या गोळीपर्यंत दोरी ताणायला लावली आणि प्रफुल्लकडून गवंड्याची पाणसळ मागवली. दोरी अगदी समपातळीत. ना वर चढलेली, ना खाली झुकलेली.

"जमिनीवरून मारली असती तर दोरी तिरपी वर गेली असती," मॅडम म्हणाल्या. "ही गोळी गंजीच्या माथ्यावरून मारली आहे. आणि रामलालला लागलेली खालून. फुलसिंग म्हणाला तेच. एक वरून, एक खालून."

"पण मॅडम, दोन टाळ्यांच्या मधात माणूस फळीवरून खाली येत नाही."

"फळीवरून नाही येत," त्या म्हणाल्या. "लाठी घ्या. वर चला."

मी म्हटलं, "मॅडम, बूट."

त्या थांबल्या. खाली वाकून बूट काढले आणि फळीच्या पायथ्याशी ठेवले. मग त्या बुटांकडेच बघत राहिल्या. मला वाटलं विंचू-बिंचू आहे की काय.

"भगवानराव, काल फुलसिंगचे बूट कुठं होते?"

"इथंच."

"आणि मालकाला ते खिडकीतून फुलसिंगच्या पायात दिसले."

बूट मीच उचलले होते, मीच गाडीत टाकले होते, आणि मालक 'बुटाचे पाय रोवले' म्हणाला तेव्हा मी मान डोलावत शेजारी बसलो होतो. जमिनीवर ड्यूटी करणारा फौजी बूट कशाला काढेल? तो कापसावर चढणार असेल तरच. मालकानं काही पाहिलंच नव्हतं. त्यानं चौकीदार जसा असतो तसा मनानं रंगवला होता.

५

वर पाय ठेवला की कापसात माणूस गुडघ्यापर्यंत जातो. मॅडम उताराच्या काठाशी उभ्या राहिल्या आणि मला पाच-सहा हातांवर उभं केलं. "लाठी म्हणजे हुक. धावत या. दया दाखवू नका."

मी धावलो. धावलो म्हणजे रुतत उडत गेलो. मॅडम एक पाऊल मागे सरल्या, टाच कापसात अडकली आणि त्या पाठीवर आपटल्या. माझी लाठी त्यांच्या नाकापाशी.

"मेले मी," त्या झोपूनच म्हणाल्या. "आता ऐका. ट्रेनिंगला आम्ही पोरांना उभं राहून कागदावर नेम मारायला शिकवतो. पण माणूस पाच-सहा हातांवरून अंगावर आला, तर उभा राहणारा मरतो. तिथं नेम नसतो, तिथं पाय असतात. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि होता होता गोळी मारायची. ज्याला हे नीट मुरलंय त्याचे पाय डोक्याच्या आधी चालतात. मग त्याला विचारा, तू तिथं कसा पोचलास? सांगता येत नाही. खोटं बोलणारा मात्र सगळं सांगतो, नेम कसा धरला तेसुद्धा."

"पण कापसात पाय चालत नाहीत मॅडम. तुम्हीच आपटल्या."

"मी बाभुळगावची असले तरी जिनमध्ये वाढले नाही. इथली माणसं गंजीवरून कशी उतरतात?"

हे काय विचारणं झालं? आमच्याकडची लहान लहान पोरंसुद्धा गंजीवरून फळीनं उतरत नाहीत. बूड टेकतात आणि घसरत खाली येतात. मी हे बोललो आणि मला फुलसिंगची पँट आठवली.

"पुन्हा या," मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा धावलो. या वेळी त्या मागे गेल्या नाहीत. हात पुढे धरून तोंडानं "ठो" केलं आणि त्याच क्षणी काठावर बसल्या. कापसानं त्यांना खाली ओढलं. माझी लाठी रिकाम्या हवेत गेली, मी तोल जाऊन काठावर ओणवा झालो. जेमतेम हातभर खालून, घसरता घसरता, त्यांनी माझ्या बरगडीकडे बोट केलं. "ठो." आणि त्या जमिनीवर पोचल्या.

दोन टाळ्या. खालून प्रफुल्लनं खरंच टाळी वाजवली आणि मग घाबरून हात मागे घेतले.

पहिली गोळी उभ्यानं मारलेली, घाईत चुकलेली, आडवी जाऊन भिंतीत. दुसरी घसरताना, हातभर अंतरावरून, खालून वर. म्हणून बारुदीचे ठिपके.

पण रिकाम्या हाताच्या माणसासमोरून कुणी असा जिवाच्या आकांतानं घसरत नाही. हुक हवा होता. हुकाशिवाय कोर्टात हे सगळं आमच्या दोघांच्या सर्कशीपेक्षा जास्त काही नव्हतं.

६

"वर दोघंच चढले," मॅडम खालून ओरडल्या. "कौसल्याचे हात रक्तानं भरले होते. तिनं हुक लपवला असता तर कापूस लाल झाला असता. मालकाच्या हाताला रक्त नव्हतं, म्हणजे तो रामलालसाठी वर गेलाच नव्हता. ओल्या अंगणातून पळाला, म्हणजे त्याच्या बुटाला मात्र काळी माती लागलेली असणार. भगवानराव, वर चिखल कुठं दिसतो ते बघा."

पांढऱ्या कापसावर चिखल शोधायला चष्मा लागत नाही. फळीकडून चार-पाच मळके ठसे रामलाल पडला होता तिथवर आले होते, आणि तिथं एकाच जागी कापूस टाचेनं दाबून दाबून आत घातलेला. मी खांद्यापर्यंत हात घातला. आधी गार लोखंड लागलं. गाठी ओढायचा हुक. त्याच्या शेजारी एक कापडी पिशवी.

पिशवी जड होती. मी ती खाली आणून प्रफुल्लसमोर उघडली. नट, बोल्ट, मोडक्या पात्यांचे तुकडे. अंगणात जमलेल्या बाया दोन पावलं मागे सरल्या. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. गोळ्या झाडल्या नसत्या तर आजच हा कापूस रेच्यावर जाणार होता.

इंद्रजितला बोलावलं. हुक बघून तो म्हणाला, "हे मले माहीत नाही." पिशवी बघून तिथंच खाली बसला. मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं, "जिनमधला माणूस कापसात लोखंड टाकत नाही. ज्याला ती जिन जळायलाच हवी, तोच टाकतो. हुक लपवायला तुम्हाला ही जागा चटकन सुचली, कारण पिशवी आधीच तिथं होती."

संध्याकाळपर्यंत तो बोलला. भाव पडल्यापासून त्या कापसापेक्षा त्याचा विमा त्याला प्यारा झाला होता. लोखंड पेरायचं काम रामलालचं. सुट्टीत फुलसिंग अवचित वर आला आणि रामलाल बिथरला. गोळ्यांचा आवाज ऐकून मालक धावला तो पिशवीसाठी. पिशवी आतच होती, उघडा पडला होता तो हुक. तो दिसला असता तर रामलाल का बिथरला हे कुणीतरी विचारलं असतं. मागून कौसल्या चढत होती, हातात घेऊन उतरायची सोय नव्हती, म्हणून पायानं दाबला. नंतर काढू म्हटलं, तर आम्ही तिथं शिपाई बसवला.

फुलसिंगला मीच लॉकअपमध्ये जाऊन सांगितलं. सुटशील म्हणालो, तर त्यानं नुसतं पाहिलं. हुक सापडला म्हणालो, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या ठाण्यात आली. मला वाटलं आता हिचा आक्रोश ऐकावा लागणार. नवरा गेला तो गेलाच, वर आग लावणारा ठरला. बाकावर सुखीबाई डबा घेऊन बसली होती. कौसल्या सरळ तिच्याजवळ जाऊन बसली.

"सुखी, तू माह्या बाजूच्या रेच्यावरच असते ना?"

"हो."

"आणि आपल्या मागं बेबीताई. तिची सून. सगळ्या जणी." कौसल्यानं पदर सारखा केला. "त्या दिवशी सकाळी तो मले म्हणे, उद्या कामावर जाऊ नको. मी म्हटलं, काहून? तर डाफरला. म्हणे, घरीच राय, कोणाले सांगू नको. मले वाटलं, पाहुणे येऊन राह्यले असतीन."

सुखीबाईनं डब्याचं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं.

कौसल्या उठली आणि मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मॅडमनी खुर्ची दाखवली, ती बसली नाही.

"लिहून घ्या बाई," ती म्हणाली. "माह्या नवऱ्यानं मले एकटीलेच घरी राह्यले सांगतलं होतं."